ज्वारीची भाकरी: काटा, थर्मामीटर आणि आईचा हात

वाळूजच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं मेंटेनन्सला आहे. मोटर नुसत्या आवाजावरून ओळखतो, पण ज्वारीची भाकरी काही केल्या जमत नव्हती. बायकोची नोकरी पाळीची, माझीही पाळीची, आणि आई गावाकडं जिंतूर तालुक्यात. पहिल्या महिन्यातल्या माझ्या भाकऱ्या कडेनं अशा फाटलेल्या असायच्या की लेकरू त्यांना नकाशे म्हणायचं. फोनवर आईला विचारलं, पाणी किती घ्यायचं? "लागंल तेवढं." किती लागंल? "पिठाला इचार की."

पिठाला विचारायचं कसं, हे शोधण्यात दोन हिवाळे गेले. स्वयंपाकाचा काटा, दोन थर्मामीटर, एक व्हर्निअर आणि शेवटी तव्याला पाडलेलं एक भोक, एवढा खटाटोप झाला. आता भाकरी फुगते, आणि फुगली नाही तर का नाही फुगली ते सांगता येतं. ज्यांच्या घरी शिकवणारा हात जवळ नाही, त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवतोय.

भाकरी फाटते का

गव्हाच्या पिठात पाणी पडलं की ग्लुटेनची जाळी तयार होते. ती रबरासारखी ताणते, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीत ही जाळी होत नाही. ज्वारीचं मुख्य प्रथिन काफिरिन. ते पाण्याला जवळ करत नाही आणि बारीक गोळ्यांच्या रूपात दाण्यात बंद राहतं. त्यामुळं तुम्ही अर्धा तास मळा नाहीतर दोन तास, प्रथिनांची जाळी काही विणली जाणार नाही.

मग भाकरीला धरून कोण ठेवतं? स्टार्च. स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात आणि त्यांची खळ होते. लग्नाच्या पत्रिका चिकटवायला लहानपणी आपण जी खळ करायचो, तीच. ही खळ बाकीच्या कोरड्या पिठाला बांधून ठेवते. अडचण अशी की गव्हाचा स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुलून जातो, ज्वारीच्या स्टार्चला साधारण ६८ ते ७८ अंश सेल्सियस लागतात. भाकरीचा सगळा खेळ या आठ-दहा अंशांत आहे. ते मला कळायला एक जानेवारी जावा लागला, त्यावर पुढं येतो.

ज्वारी आणि गिरणी

भाकरीसाठी रब्बीची ज्वारी घ्या. आपल्याकडं शाळू म्हणतात ती. मालदांडी कुठल्याही मोंढ्यात मिळते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं काढलेली परभणी मोती मिळाली तर तीही चांगली. जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, तिची भाकरी एकदा तरी खाऊन बघा. खरिपाची संकरित ज्वारी पावसात सापडली की दाणा काळा पडतो. ती स्वस्त मिळते, पण भाकरीला रंगही नाही आणि चवही नाही.

दळण थोडं थोडं आणा. आम्ही तिघांना तीन किलो आणतो, आठ-दहा दिवसांत संपतं. गिरणीतून पीठ येतं तेव्हा डबा हाताला कोमट लागतो. तसाच झाकण लावून ठेवला तर आत वाफ धरते, म्हणून घरी आल्यावर पीठ अर्धा तास कागदावर पसरा. दळताना पाळूच्या, म्हणजे गिरणीच्या दगडाच्या, घासण्यानं स्टार्चचे काही कण चिरडले जातात, आणि चिरडलेला कण थंड पाण्यातही पाणी पितो. गावाकडं ताज्या पिठाची भाकरी साध्या पाण्यात होते, त्याचं एक कारण हे.

ताज्या पिठाला जो चिकटपणा असतो त्याला आई 'विरी' म्हणते. "पिठाची विरी गेली" असं ती चिमूट चोळून सांगते. मला चिमटीतलं कळत नाही, म्हणून मी कारखान्यातली बेंड टेस्ट पिठाला लावली. २० ग्रॅम पीठ, १८ ग्रॅम साधं पाणी, दोन मिनिटं मळायचं, करंगळीएवढी जाड वात वळायची आणि ती फळ्यावर लिहायच्या मार्करभोवती हळूच गुंडाळायची. ताज्या पिठाची वात अर्धा वळसा घेते, वरून बारीक चिरा पडतात, पण तुटत नाही. तीन आठवड्यांच्या पिठाची वात पाव वळशातच मोडते. मधलं काही असेल तर भाकरी होईल, पण आधण लागेलच. पिठाला खवट वास येत असेल तर टेस्ट करू नका, त्या पिठाची भाकरीच करू नका. ज्वारीच्या कोंभातलं तेल खराब झालंय, गरम पाण्यानं ते सुधारत नाही.

साधनं

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा काटा हवाच. बाकी सगळं नसलं तरी चालेल, काट्यावाचून अडेल. वाटीनं पीठ मोजू नका. तीच वाटी दाबून भरली आणि सैल भरली तर वजनात मोठा फरक पडतो.

दुसरं, सुईचा डिजिटल थर्मामीटर, पिठाच्या आतलं तापमान बघायला. आणल्या आणल्या तपासून घ्या. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांत शून्य दाखवायला पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र १०० दाखवेल अशी अपेक्षा ठेवू नका. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे आणि दर तीनशे मीटरला उकळबिंदू सुमारे एक अंश उतरतो, म्हणजे आपल्याकडं पाणी ९८ ला उकळतं. मी पहिला थर्मामीटर याच कारणावरून दुकानदाराशी वाद घालून परत दिला होता. तो बरोबर होता, मीच चुकीचा.

तिसरं, लांबून तापमान बघायची इन्फ्रारेड बंदूक. तिचा उपयोग आहे, पण ती फसवते, कशी ते तव्यापाशी सांगतो. परात, जमलं तर लाकडी काठवट. तवा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड.

आधण

आता जानेवारीची गोष्ट. दिवाळीपर्यंत माझ्या भाकऱ्या बऱ्या येत होत्या. पाणी खळखळ उकळायचं, परातीतल्या पिठावर ओतायचं, कालवायचं, मळायचं. थंडी वाढली तशा कडा पुन्हा फाटायला लागल्या. पीठ तेच, पाणी तेच, काट्यावर ग्रॅमचाही फरक नाही. शेवटी कालवलेल्या पिठात सुई खुपसली. ५७ अंश.

उकळतं पाणी ओतलं म्हणजे पीठ शिजलं, असं मी धरून चाललो होतो. हिशोब मांडल्यावर गंमत कळली. ३०० ग्रॅम पीठ २८ अंशांचं, त्यावर ९८ अंशांचं २८५ ग्रॅम पाणी. पिठाची उष्णता धरून ठेवायची ताकद पाण्याच्या निम्म्याहून कमी, तरी मिश्रण यायला पाहिजे ७७ अंशांना. पण खाली स्टीलची सहाशे ग्रॅमची परात आहे. तीही तापते आणि सात-आठ अंश खाऊन टाकते. वर ओतताना वाफ जाते, कालवताना जाते. ऑक्टोबरात माझी सुई ६२ दाखवत होती. जानेवारीत पीठ आणि परात दोन्ही १४-१५ अंशांवर, म्हणून ५७. ज्वारीचा स्टार्च ६८ च्या खाली नीट फुलत नाही. ६२ ला कसंबसं भागत होतं, ५७ ला तेही नाही. म्हणजे मी दोन महिने उकळत्या पाण्यात कच्चं पीठ मळत होतो.

तीच कृती आईच्या काठवटीत केली. ६८! लाकूड उष्णता पुढं जाऊ देत नाही, त्याचा वरचा पातळ थर तेवढा तापतो. स्टील त्याच्या शंभरपट वेगानं उष्णता वाहून नेतं. काठवट जड आहे, धुवायला त्रास, म्हणून आम्ही ती माळ्यावर टाकली होती. दुसऱ्या दिवशी उतरवली.

काठवट नसली तरी चालेल. त्यासाठीची कृती अशी, चार भाकऱ्यांची:

ज्वारीचं पीठ ३०० ग्रॅम मोजा आणि दीडशे-दीडशेचे दोन वाटे करा. थापायला वेगळं पीठ बाजूला ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात ३०० ग्रॅम पाणी घ्या. उकळून १०-१५ ग्रॅम उडतं, ते यात धरलंय. मीठ हवं तर चिमूटभर, आमच्याकडं घालत नाहीत. पाण्याला नुसते बुडबुडे आलेत म्हणून थांबू नका, खळखळ उकळी येऊ द्या. गॅस बंद करा आणि त्याच पातेल्यात एक वाटा पीठ एकदम टाका. उलथण्याच्या दांड्यानं चार-पाच वेळा ढवळा. गुठळ्या राहिल्या तरी राहू द्या. झाकण ठेवा, दहा मिनिटं उघडू नका.

पातेलं आधीच ९८ अंशांना तापलेलं असतं, त्यामुळं ते उष्णता खात नाही. आणि पीठ निम्मंच असल्यामुळं पाण्याला कमी ओझं ओढावं लागतं. गणितानं ८५ येतात, माझ्या सुईवर ८२ ते ८४ येतात. एवढ्यावर स्टार्च पुरा फुलतो आणि घट्ट खळ होते. हिवाळ्यातही फार तर दोन अंश उतरतात.

दहा मिनिटांनी ही उकड परातीत काढा, उरलेला कोरडा वाटा घाला आणि हाताला सोसेल इतकं निवलं की मळायला घ्या. साधारण ५० अंशांच्या खाली हात टिकतो. आई ६० लाही मळते. तिच्या हातांशी बरोबरी करायला जाऊ नका, मी गेलो होतो, बोटाला फोड आला.

सगळ्या पिठाची उकड काढणारेही लोक आहेत. तांदळाच्या भाकरीला ते ठीक. ज्वारीत सगळं पीठ शिजवलं की गोळा चिवट होतो, हाताला चिकटतो, आणि भाकरी खाताना रबरी लागते. निम्मं शिजलेलं आणि निम्मं कोरडं हे प्रमाण मला बरोबर वाटतं. पीठ अगदी ताजं असेल तर एक तृतीयांश शिजवलं तरी भागतं.

मळणं

तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पीठ पुढं रेटायचं, बोटांनी मागं ओढायचं. चार भाकऱ्यांच्या पिठाला पाच मिनिटं. ग्लुटेन नाही म्हणून मळायचं कारण नाही, असं मला आधी वाटायचं. पण खळ कोरड्या कणाकणापर्यंत पोचवायचं काम मळण्यानंच होतं. मळून झालेला गोळा बोटानं दाबा. खड्ड्याच्या कडेला चिरा दिसल्या तर ओला हात फिरवून पुन्हा मळा. पाणी ओतू नका. ओला हात म्हणजे दर वेळी दोन-तीन ग्रॅम, मी मोजलंय.

उंडे, म्हणजे एकेका भाकरीचे गोळे, करताना काट्यावर १४५ ते १५० ग्रॅम. बाकीचं पीठ ओल्या फडक्याखाली. सुट्टीत आई आली होती तेव्हा तिनं डोळ्यांनी अंदाज घेऊन केलेले सात उंडे मी गुपचूप काट्यावर ठेवले. सगळ्यात हलका १४६, सगळ्यात जड १५३. तिनं बघितलंच. "काय मोजायलास रं? लेकरागत?"

थापणं

परातीत कोरडं पीठ भुरभुरा, उंडा तळहातांत चपटा करून त्याच्या कडा अंगठ्यानं गुळगुळीत करा. ही पायरी घाईत सुटते आणि पुढच्या सगळ्या भेगा इथूनच निघतात. कडेला एक मिलिमीटरची चीर असली तर थापून झाल्यावर ती दोन सेंटिमीटरची होते.

मग बोटांच्या खालच्या भागानं मधून कडेकडं थापत जायचं. दर थापीला भाकरी थोडी फिरली पाहिजे. दाब आणि फिरवणं एकाच हाताच्या झटक्यात येतं, ते शब्दांत सांगता येत नाही. खालचं कोरडं पीठ इथं बेअरिंगचं काम करतं. भाकरी फिरायची थांबली म्हणजे खाली पीठ संपलं. अशा वेळी ओढू नका, कड उचलून खाली पीठ सरकवा.

बेअरिंगचं हे वाक्य मी लिहिलं तसंच माझ्या डोक्यातही आलं होतं, आणि मग मी खरीखुरी बेअरिंग लावून बघितली. जुन्या पंख्यातली ६२०२ काढली, प्लायवूडच्या तुकड्यात बसवली, वर परात. फिरते झकास. पण परात फिरते आणि तिच्याबरोबर भाकरीही फिरते, दोघींमध्ये घसरणं होत नाही, त्यामुळं भाकरी पसरतच नाही, खालून चिकटून बसते. वर प्रत्येक थापीला सगळं यंत्र हलतं. दोन रविवार त्यात गेले. परात आता लेकराच्या खेळण्यात आहे. दोन फळ्यांना बिजागरी लावून दाबायचं यंत्रही केलं होतं. ते भाकरी एका झटक्यात पसरवतं आणि कडा फाडतं. ज्वारीच्या पिठाला हळूहळू पसरायला वेळ लागतो.

जाडी सारखी असणं गोलाईपेक्षा महत्त्वाचं. १५० ग्रॅमच्या उंड्याची वीस सेंटिमीटर व्यासाची भाकरी केली की जाडी चार मिलिमीटरच्या आसपास येते. टूथपिकवर चार मिलिमीटरची खूण करा आणि भाकरीच्या मध्ये, अर्ध्यात आणि कडेपाशी टोचून बघा. भोकं भाकरी तव्यावर टाकल्यावर पाण्याच्या हातानं बुजतात. शिकणाऱ्यांची भाकरी मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. माझी कड सहा मिलिमीटर निघायची.

तवा

तवा २३० ते २४० अंशांवर हवा. बंदूक नसेल तर पाण्याचा थेंब टाका. तो जागेवर चरचरून उडाला तर तवा कमी तापलाय, मोत्यासारखा तुरुतुरु पळाला तर तयार आहे. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, म्हणून तो तव्याला टेकतच नाही.

इन्फ्रारेड बंदुकीचं म्हणाल तर ती वस्तूनं बाहेर टाकलेली उष्णता बघते. काळ्या, तेल मुरलेल्या बीडाच्या तव्याचं तापमान ती बरोबर दाखवते. चकचकीत स्टील किंवा नवीन ॲल्युमिनियमवर मात्र खूपच कमी आकडा येतो, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि भिंतींची परावर्तित करतो. बंदूक ९० दाखवते म्हणून हात लावाल तर भाजेल. अशा भांड्यावर मोजायचंच असेल तर दिव्याच्या काजळीचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि त्यावर नेम धरा. बहुतेक स्वस्त बंदुका बारा सेंटिमीटरवरून एक सेंटिमीटर गोल बघतात. लांबून धरली तर तव्याबरोबर ज्वाळाही मोजली जाते.

बीडाचा तवा का, याचं उत्तर वजनात आहे. आमचा दोन किलोचा. त्यावर भाकरी टाकली की तो २४० वरून २१५ पर्यंत उतरतो आणि लगेच सावरतो. पत्र्याचा पाचशे ग्रॅमचा तवा १८० च्या खाली जातो. पहिली भाकरी जमते आणि दुसरी फसते, हे पातळ तव्याचं लक्षण.

तव्याला थर्मोकपल (ज्यांना हौस आहे त्यांनीच वाचा)

भाकरी वर असताना बंदूक तवा बघूच शकत नाही. म्हणून मी तव्याच्या कडेला, जाडीच्या मधोमध, अडीच मिलिमीटरचं आडवं भोक पाडलं, पंधरा मिलिमीटर खोल. तवा निदान सहा मिलिमीटर जाड पाहिजे. बीड ड्रिल करताना तेल घालायचं नाही. त्याचा भुगा होतो, तो कोरडाच झटकायचा. वेग कमी ठेवा, जोर लावू नका, बीड ठिसूळ असतं.

भोकात के टाइपचा थर्मोकपल सरकवायचा. दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा सांधा तापला की त्यातून अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट निघतात. एवढी बारीक चाहूल अर्डुइनोला, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला, कळत नाही, म्हणून मध्ये मॅक्स ६६७५ चं छोटं मॉड्यूल. ते पाव अंशापर्यंत वाचतं. पाच तारा: दोन वीजपुरवठ्याच्या, तीन माहितीच्या. चार आकड्यांचा छोटा डिस्प्ले जोडला की झालं.

मी जिथं जिथं अडलो ते सांगतो. सांधा भोकात शिशानं डाकू नका, साधं सोल्डर १९० अंशांच्या आतच वितळतं. नुसता दाबून बसवा. तव्यावर तापवल्यावर आकडा उतरत असेल तर तारा उलट्या लागल्यात. आकडा गोठून राहिला तर प्रोग्राम फार घाईनं वाचतोय. मॉड्यूलला एका मोजणीला जवळजवळ पाव सेकंद लागतो, मध्येच विचारलं की ते मोजणी सोडून देतं. अर्ध्या सेकंदानं वाचा. मल्टिमीटरबरोबर येणारी फुकटची तार वापरू नका. तिचं आवरण बहुतेक २५० अंशांपर्यंतच टिकतं आणि तवा रिकामा विसरला तर त्याहून वर जातो. काचेच्या धाग्याचं किंवा स्टीलचं आवरण असलेली तार घ्या. इंडक्शनवर हे सगळं करू नका, त्याच्या चुंबकीय क्षेत्रानं आकडे वेड्यासारखे उड्या मारतात.

भाजणं

थापलेली भाकरी उचलून तव्यावर अशी टाका की परातीकडची पिठाळ बाजू वर येईल. लगेच हात ओला करून सगळ्या पृष्ठभागावर पाणी फिरवा, कडेपर्यंत. ही नुसती रीत नाही. कोरडं पीठ धुतलं जातं आणि वरच्या थरातला स्टार्च पाण्यात फुलून सलग कातडी होते. पाणी लावायचं राहिलं तिथं पांढरा डाग आणि त्याच्याशेजारी चीर, हे हमखास.

वीस-पंचवीस सेकंदांत पाणी वाळत येतं. चकाकी जाऊन ओलसर मंदपणा आला की उलटा. पूर्ण वाळू दिलं तर कातडी तडकते. आता पाण्याची बाजू खाली, ती मिनिटभर भाजा, तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग तवा उतरवून, पहिल्यांदा तव्याला लागलेली बाजू थेट आचेवर धरा. चूल असेल तर आर पुढं ओढून त्याच्या कडेला भाकरी उभी करा. गॅसपेक्षा आर केव्हाही बरा, त्याची धग सारखी येते.

फुगण्यासाठी लागतं काय? दोन बाजूंच्या दोन बंद कातड्या आणि मध्ये वाफ. एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांना जवळजवळ १.७ लिटर वाफ होते. म्हणजे भाकरी टम्म व्हायला पाव ग्रॅम पाणीसुद्धा पुष्कळ. भाकरीत सत्तर ग्रॅम पाणी आहे. त्यामुळं फुगली नाही तर पाणी कमी पडलं असं कधीच नसतं, बहुतेक वेळा वाफ कुठून तरी निसटलेली असते. आचेवर धरल्यावर फुस्स करून ती कुठून निघते ते बघा. कडेतून निघाली तर कड जाड-बारीक आहे. मधल्या भोकातून निघाली तर थापताना बोट रुतलंय. कुठूनच निघत नाही आणि फुगतही नाही, तर तवा थंड होता. भाकरी वाळत वाळत भाजली आणि पापुद्रा सुटलाच नाही.

पापुद्रा सुटलेली भाकरी काट्यावर ठेवा: १५० ची १२५ च्या आसपास भरते. १३५ च्या वर असेल तर मध्ये कच्ची आहे. ११५ च्या खाली गेली तर निवल्यावर वातड होईल.

ठेवणं

गरम भाकरी स्टीलच्या डब्यात झाकू नका, खाली घाम धरतो आणि पापुद्रा लिबलिबीत होतो. दुरडीत फडकं घालून, पहिली दहा मिनिटं उभी टेकवून ठेवा.

शिळी भाकरी कडक होते ती नुसती वाळून नव्हे. फुललेला स्टार्च निवल्यावर पुन्हा आखडतो, स्फटिकासारखा रचला जातो, आणि हे काम बाहेरच्यापेक्षा फ्रीजच्या गारव्यात जास्त वेगानं होतं. म्हणून भाकरी फ्रीजमध्ये ठेवायची नाही. सकाळी मऊ हवी असेल तर दोन्ही बाजूंना पाण्याचा हात लावून तव्यावर झाकण ठेवा आणि भाकरी ६० अंशांच्या वर नेऊन मिनिटभर थांबा, आखडलेला स्टार्च बराचसा सैल होतो. मला मात्र शिळी भाकरी तशीच कडक, येसराच्या आमटीत कुस्करून आवडते. त्याला थर्मामीटर लागत नाही.

तव्याच्या डिस्प्लेकडं आईनं मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा नीट बघितलं. उघड्या हाताचा तळवा तव्यावर वीतभर उंच धरून ती म्हणाली, "झालाय, टाक." आकडा २३६ होता.